उघारीचा निरोप

मला एका जागी बसता येत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आमचं गाव कोयनेच्या अंगाला, तिथे पावसाळ्यात माणसं घोंगडी पांघरून चुलीपाशी बसून राहतात. मी तेवढ्यातही दहा वेळा दारात जाऊन बघून यायचे, उघाड मिळतेय का. आमच्याकडे पाऊस जरा थांबला की त्याला उघाड म्हणतात. हा शब्द आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

लग्न करून नव्या मुंबईत आले ती नव्वदीच्या मधली वर्षं. वाटलं होतं, शहरात आता मनसोक्त हिंडायला मिळेल. मिळाली एक खोली. नवऱ्याला तळोज्याला एका कंपनीत शिफ्टची नोकरी होती, फ्लॅटचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून आम्ही नेरूळच्या बाजूला खाडीकडच्या एका जुन्या गावात माडीवरची खोली भाड्याने घेतली. खाली घरमालक आणि घरमालकीण, दोघंही पन्नाशीच्या पुढचे, आगरी. मुलींची लग्नं होऊन घर रिकामं झालेलं. मी त्यांना नाना आणि काकी म्हणायचे.

नानांची भातशेती नव्या शहरात गेली होती. पावसाचं पाणी साठवायला जो मोठा तलाव खोदला तो बरोबर त्यांच्या खाचरांवर. नाना त्याच तलावात मासे धरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शेत त्योच हाय, पीक बदलला." हे ते हसून म्हणायचे, पण दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही.

तलावाच्या खाडीकडच्या बांधात एक लोखंडी दार होतं. खाडीला भरती आली की ते बंद ठेवायचं, नाहीतर खारं पाणी आत येऊन नव्या सोसायट्यांत शिरायचं. ओहोटी लागून खाडी खाली गेली की दार उचलायचं आणि साठलेलं पाणी सोडून द्यायचं. दाराचं चाक फिरवायला उत्तरेकडचा एक वॉचमन ठेवलेला होता. चाकाचा लोखंडी दांडा एकदा चोरीला गेला, तेव्हापासून तो नवा दांडा आमच्या पडवीत ठेवायचा आणि लागेल तेव्हा घेऊन जायचा. माझ्याशी बोलताना सगळे त्या दाराला गेट म्हणायचे. आपसात काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शाळांत अर्ज टाकले होते आणि पोस्टमनची वाट बघत दिवस काढत होते. करायला काही नव्हतं म्हणून मी एक वही केली आणि काकींचे शब्द टिपायला लागले. आठवड्याभरात मला किल्ली सापडली. ड चा र होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा, पडला तो परला. ण चा न होतो. एवढं कळल्यावर मी जी सुटले! काकी काही बोलल्या की मी त्याचं मनातल्या मनात शुद्ध मराठी करायचे आणि नवरा घरी आला की त्याला अर्थ सांगायचे. तो मला दुभाषीबाई म्हणायचा. मला त्याचा राग यायचा नाही. इतक्या रिकाम्या दिवसांत एवढीच एक गोष्ट मला येत होती.

नानांबरोबर तलावावर जायला काकींनी कधी अडवलं नाही. माझी घरातली येरझार बघून त्यांनाच गरगरत असावं. नाना पाग टाकायचे. पाग म्हणजे काठाला शिसं लावलेलं गोल फेकजाळं. त्याची एक कड दातात धरायची, बाकीचं उजव्या हातावर घडी करून घ्यायचं आणि कमरेतून वळून हात डोक्याच्या वर न्यायचा. वर गेलेल्या हातातून जाळं सुटलं की हवेत उघडायचं आणि पाण्यावर पूर्ण गोल पडायचं. एकदम, सगळ्या बाजूंनी. आजूबाजूच्या गावांतले म्हातारे नुसतं ते बघायला बांधावर उभे राहायचे. मी एकदा हट्टाने टाकून पाहिलं. जाळं माझ्याच डोक्यावर आलं आणि मी चिखलात बसले. नाना म्हणाले, "तू आपली आमची भाषा शिक. पागाचा काम माज्याकरं ऱ्हाऊ दे."

आणि मी शिकतच होते.

जुलैत पुनवेच्या आसपास पावसाने धरलं ते सोडेना. तीन दिवस, तीन रात्री. नवरा तळोज्याला अडकला होता. वाण्याच्या फोनवर त्याचा निरोप आला, बदली माणूस आलेला नाही, इथेच राहतोय. मी खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होते. कपडे वाळत नव्हते, पोस्टमन येत नव्हता. वहीत लिहायला नवा शब्दही नव्हता, कारण काकी गुडघा सुजल्यामुळे पडून होत्या आणि फारसं बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तर मी भांडी घासलेली पुन्हा घासली. कुणीतरी मला काहीतरी काम सांगावं, कुठेतरी पाठवावं, असं सारखं वाटत होतं.

दुपारचं जेवण लवकर उरकून नाना बोकशी घेऊन निघाले. बोकशी म्हणजे तोंडाशी रुंद आणि मागे निमुळती होत गेलेली जाळ्याची लांब पिशवी. मी जिन्यावर उभी राहून विचारलं, एवढ्या पावसात?

"यो परतंय तवरच," ते आभाळाकडे बोट करून म्हणाले. "यो परतंय तवर मासा दारापाशी. उघरला का जेला."

म्हणजे पाऊस पडतोय तोवर मासा गेटपाशी जमतो, उघडला की गेला. मी मनात भाषांतर केलं आणि खूश झाले. उघरला हे क्रियापद वहीत नव्हतं.

मग त्यांनी माझ्यासाठी सोपं करून सांगितलं. उधाणाची भरती आहे, तलाव काठोकाठ भरलाय. गेटच्या समोर पाण्याचा एक चर आहे, त्यात दोन खुंट रोवलेत, त्या दोन खुंटांना बोकशीची दोन टोकं बांधायची. गेट खोललं की पाण्याबरोबर मासा पिशवीत. आज वॉचमन चहाच्या वेळेला खोलेल, तोवर खूप वेळ आहे. "पन मानूस त्याच्या आदी भायेर पायजे. पानी दाराकरं धावाया लागला, का मानसाला सोरत नाय." हे शेवटचं ते हसत बोलले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ जुन्या बांधाच्या वेळी असाच गेला होता, हे मला काकींनी आधी सांगितलं होतं.

ते गेल्यावर मी पुन्हा खोलीत येऊन चालायला लागले. तीन वाजायच्या सुमाराला खाली पडवीत काहीतरी लोखंडी वाजलं, वॉचमनचा आवाज आला, काकींचा आला, आणि लगेच सायकल गेल्याचं ऐकू आलं. पावसात शब्द कळले नाहीत. मग काकींनी खालून हाक मारली. "गो बाय! ए बाय!"

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. काकी भिंतीला धरून अर्धवट उठल्या होत्या, गुडघा टेकवत नव्हता. म्हणाल्या, "नानाला जाऊन सांग, उघारी होतंय. बेगीन आटप म्हनावं. धाव."

धाव म्हटल्यावर मी कशाला थांबते! कोपऱ्यातली लाल छत्री उचलली आणि निघाले. तीन दिवसांनी पाय मोकळे होत होते. बांधावरून पळताना छत्री उलटी होत होती, चपला चिखलात रुतत होत्या, आणि मी, आज सांगायला लाज वाटते, आनंदात होते. आणि डोक्यात माझं चाक फिरत होतं. उघारी. र चा ड. उघाडी. म्हणजे आमची उघाड! नानांनी तरी आत्ताच सांगितलं, उघरला का जेला. पाऊस उघडणार आणि मासा जाणार, म्हणून काकी म्हणतायत लवकर आटपा. मी वर पाहिलं. आभाळ गच्च काळं होतं, कुठे फट नव्हती. पण या लोकांना खाडीवरचा वारा कळतो, आपल्याला काय कळणार, असं मी स्वतःलाच समजावलं.

एवढ्याशा शंकेवर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण थांबणं मला कधी जमलंय?

नाना चरात छातीभर पाण्यात होते. एक टोक बांधून झालं होतं. दुसऱ्या टोकाचा दोर हातात घेऊन ते काठाकडे येत होते, बहुतेक तंबाखूसाठी, कारण त्यांना वाटत होतं की खूप वेळ आहे. गेट तिथून वीसेक पावलांवर, पण बांध मध्ये वळलेला आणि वळणावर तिवरांच्या झाडांची गर्दी, त्यामुळे चाकाचा चौथरा दिसत नव्हता. पावसाचा आवाज एवढा की ओरडल्याशिवाय काही पोचत नव्हतं.

मी ओरडले, "नाना, काकींनी सांगितलंय, पाऊस थांबतोय! लवकर आटपा!"

ते काठापासून दोन हातांवर होते. दोन हातांवर! थांबले, वर आभाळाकडे पाहिलं, मान हलवली. बायकोचा अंदाज त्यांनी आयुष्यभर मानला होता. दोराचे दोन वेढे त्यांनी उजव्या मनगटाला घेतले आणि वळून पुन्हा पाण्यात, दुसऱ्या खुंटाकडे, घाईने निघाले.

मी निरोप पोचवल्याच्या समाधानात छत्री सरळ करत उभी राहिले.

आधी काहीच झालं नाही. मग पाण्यावरचा कचरा हलायला लागला. एक थर्माकोलचा तुकडा, एक चप्पल, पानं, सगळं एकाच दिशेला, आधी सावकाश आणि मग घाईने. खालून घरघर ऐकू आली. नाना जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. तेवढ्यात बोकशी पाण्याने भरली, त्यांनी खुंटाला हात घालेपर्यंत खुंटच उपटला गेला, आणि मनगटाच्या दोराने त्यांना ओढून नेलं.

मला पोहता येत नाही. मी "गेट, गेट!" म्हणून किंचाळत बांधावरून तिवरांतून चौथऱ्याकडे धावले. वॉचमन चाकावर वाकलेला होता. मी त्याचा शर्ट धरून ओढला. त्याने माझं तोंड पाहिलं आणि एक शब्द न विचारता चाक उलटं फिरवायला घेतलं. गेट उचलायला लागतो तेवढाच वेळ खाली यायला लागतो. मीही दांड्याला धरलं. चाकाचे किती फेरे झाले ते मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती दोन हातांची जागा होती, काठ आणि नाना यांच्यामधली.

पाण्याची ओढ थांबली तेव्हा नाना गेटच्या बाजूच्या दगडी खांबाला डाव्या हाताने धरून होते. बोकशी खांबाच्या पलीकडे अडकून फाटली होती आणि दोराने उजवा हात मागे, भलत्याच बाजूला ओढलेला होता. वॉचमनने कोयत्याने दोर कापला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना वर घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पहिलं वाक्य बोलले ते, "जितारा व्हता. मोठा." जिताडा, त्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा.

मग वॉचमन माझ्याकडे वळला. तो रागावलेला नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "चाची को बोला था मैंने, ऑफिस से फोन आया, अभी के अभी उघाडी खोल रहा हूँ, नाना को बाहर निकालो. फिर आपको लाल छाता लेके भागते देखा. सोचा, बोल दिया होगा."

उघाडी. बांधातलं पाणी सोडायचं दार. पाचशे कोसांवरून आलेल्या माणसाला तो शब्द माहीत होता. मराठीत बी.ए. झालेल्या बाईला नव्हता. आणि जी छत्री घेऊन मी आनंदाने धावत होते, ती बघूनच त्याने चाक फिरवायला घेतलं होतं.

नानांचा खांदा निखळला होता. नेरूळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो बसवला, पण आतले स्नायू फाटले होते. हात कामाला येईल, म्हणाले, वर जायचा नाही. काकी तशा गुडघ्यावर रिक्षाने आल्या आणि आल्या आल्या नानांवर बरसल्या. "तुला सांगून धारला व्हता ना? पोरगी आली नाय का तिकरं?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"आली व्हती," नाना म्हणाले. "सांगतला तिनी. मीच थांबलो. जितारा दिसला."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यात इतर कुठल्याही गोष्टीची मला इतकी लाज वाटत नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आधी काम नव्हतं म्हणून चालत होते, आता काम शोधून करत होते. काकींचं पाणी भरलं, मसाला कुटला, अंगण सारवलं. काकी म्हणायच्या, बस गो जरा. मी बसले की डोळ्यांसमोर पडवीतला खुंटीवरचा पाग यायचा. वारा सुटला की त्याची शिसं भिंतीवर वाजायची. काकींनी दिलेलं चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण मी सगळं नवऱ्याच्या ताटात वाढायचे. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज संध्याकाळी नाना पडवीत बसून डाव्या हाताने उजवा हात वर उचलायचा प्रयत्न करायचे, तो कानापर्यंत यायचा आणि तिथून खाली पडायचा. ते बघितलं की मी काहीतरी निमित्त काढून माडीवर पळायचे. वही मी चुलीत घातली. नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. त्याने एकदा विचारलं, दुभाषीबाई, आज नवीन काय? मी त्याच्या अंगावर इतकी ओरडले की तो बिचारा जेवता जेवता उठला.

गणपतीच्या आधी शाळेचं पत्र आलं. नोकरी लागली, मराठी शिकवायची. पेढे घेऊन खाली गेले. नानांनी डाव्या हाताने घेतला. काकींनी पेढा मोडून अर्धा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मराठी शिकवनार? बरा झाला." एवढंच. पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, किंवा मला तसं वाटलं. त्या दिवसांत कुणीही बघितलं की मला तसंच वाटायचं.

गौरी-गणपती झाले आणि जाता जाता पावसाने पुन्हा दोन दिवस झोडपलं. नाना आता पाग टाकत नव्हते. चराच्या काठावर पाय सोडून, डाव्या हातात गळ धरून बसायचे. त्या दुपारीही तिथेच होते, ओल्या काठावर, पाण्याच्या अगदी जवळ. मी शाळेतून येऊन छत्री मिटत होते. वॉचमन पडवीतून दांडा घेऊन माझ्या शेजारून बाहेर पडला. काकी उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होत्या.

"नानाला सांग, उघारी होतंय," काकी म्हणाल्या. "बेगीन आटप म्हनावं."

मी वळले. छत्री तशीच टाकली आणि पायरी उतरले.

"गो बाय."

मी थांबले. काकींनी मान वर केली नव्हती. कोलंबीचं डोकं मोडून त्यांनी बाजूला टाकलं.

"मी सांगतंय तसाच सांग," त्या म्हणाल्या. "त्याचा मराठी नको करू."

त्यांना कधीपासून ठाऊक होतं, वॉचमनने सांगितलं की नानांनी, की त्यांनी स्वतःच जुळवलं, मी कधीच विचारलं नाही. तेवढे सगळे दिवस त्या मला कालवण वाढत होत्या, बस गो जरा म्हणत होत्या. मला तिथेच बसून रडायचं होतं, पण निरोप हातात होता.

मी धावले. सगळ्या वाटेभर तो एक शब्द तोंडात घोळवत, मोठ्याने म्हणत, कुठे हरवू नये, कशाचं काही होऊ नये म्हणून. वळणावरूनच ओरडायला सुरुवात केली. "नाना, उघारी होतंय! बेगीन आटपा! उघारी होतंय!"

नाना लगेच उठले. गळ गुंडाळला, काठापासून मागे सरले, बांधावर चढले आणि मग माझ्याकडे वळून, ऐकलं असं सांगायला, उजवा हात वर करायला गेले. तो खांद्यापाशी अडला. मग त्यांनी डावा केला.